बोटावरचा आकडा एकट्या फुप्फुसाचा नसतो

करवीर तालुक्यातील एका वाचक भगिनीने पुढील पत्र पाठवले आहे.

"माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. तीस-बत्तीस हंगाम त्यांनी गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालण्याचे काम केले. विडीही बरीच वर्षे ओढली, पण सहा वर्षांपूर्वी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसाच्या आजाराचे, निदान झाल्यावर ती सोडली. इनहेलर नियमित चालू आहे. गेल्या वर्षापर्यंत ऑक्सिमीटरवर ९२-९३ आकडा असे. आता बसल्या जागी ८८ दिसतो आणि अंगणातून चालून आले की ८२-८३ होतो. संध्याकाळी घोट्यांवर सूज असते. दोन महिन्यांपूर्वी रक्तदाबाची गोळी बदलून अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली आहे. छातीच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे आणि फुंकायची तपासणी पाहून 'फुप्फुसात विशेष फरक नाही' असे सांगितले आणि हृदयाचा इको करायला लिहून दिला. आजार फुप्फुसाचा असताना हृदयाच्या तपासणीवर खर्च कशासाठी, यावरून घरात वाद चालू आहे. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा मशीन आणू आणि ऑक्सिजन वाढवून ठेवू. आबांना मात्र दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळावर निदान बसायला तरी जायचे आहे. आम्ही काय करावे?"

ताई, तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात. फुप्फुसात विशेष फरक नाही, आणि तरीही ऑक्सिजन चार-पाच अंकांनी उतरला आहे. फुंकायच्या तपासणीचे आकडे जिथल्या तिथे असतील, एक्स-रेवर नवे काही दिसत नसेल, तर या घसरणीचे कारण फुप्फुसाबाहेरही शोधले पाहिजे आणि शोधाची पहिली जागा हृदय हीच आहे. तुमच्या डॉक्टरांनी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पाहण्याची तपासणी, लिहून दिला तो योग्य विचार करूनच दिला आहे, आणि ही तपासणी पुढे ढकलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण कारण समजल्याशिवाय घरातला वाद मिटणार नाही.

ऑक्सिमीटर धमनीतल्या रक्तात किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरले आहे एवढेच दाखवतो. हा आकडा म्हणजे फुप्फुसाचे प्रगतिपुस्तक, असा समज करोनाच्या काळात घराघरांत पक्का झाला आणि त्या वेळी तो बऱ्याच अंशी उपयोगीही पडला. परंतु फुप्फुसात येणारे रक्त कोणत्या अवस्थेत येते, यावरही तो आकडा अवलंबून असतो, आणि ते रक्त कोणत्या अवस्थेत येईल हे हृदय ठरवते.

बसलेल्या निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. हिमोग्लोबिन चांगले असेल तर प्रत्येक लिटरमध्ये साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला जवळपास १००० मिलिलिटर ऑक्सिजन शरीरभर पोहोचतो. विश्रांतीच्या वेळी शरीर त्यांतला अंदाजे २५० मिलिलिटर वापरते. म्हणून फुप्फुसाकडे परत येणारे रक्त रिकामे नसते. त्यात सुमारे ७५ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. आता हृदय दुबळे होऊन मिनिटाला ५ ऐवजी ३ लिटरच रक्त ढकलू लागले असे समजा. पोहोचणारा ऑक्सिजन ६०० मिलिलिटरवर येतो, पण शरीराची गरज तीच २५० मिलिलिटरची राहते. साहजिकच प्रत्येक लिटरमधून जास्त ऑक्सिजन काढून घेतला जातो आणि परत येणाऱ्या रक्तात ५८ टक्क्यांच्या आसपासच उरतो.

आपल्याकडे दूध घालायला संघाची गाडी येते तशी, पण उलट दिशेने दूध वाटत जाणारी गाडी डोळ्यांपुढे आणा. गाडीच्या खेपा कमी झाल्या, पण गावातली घरे तेवढीच राहिली, तर प्रत्येक खेपेला जास्त दूध उतरवले जाईल आणि गाडी आधीपेक्षा रिकामी होऊन परत येईल. डेअरीतले सगळे नळ चालू असतील तर याने काहीच बिघडत नाही. कितीही रिकामी आलेली गाडी पुन्हा काठोकाठ भरूनच बाहेर पडते. फुप्फुसे चांगली असलेल्या हृदयरोग्याच्या बोटावर पुष्कळदा ९७ आकडा दिसतो तो यामुळेच. पण पाचांपैकी एक नळ बंद पडला असेल, तर त्या नळाखाली उभी राहिलेली गाडी जशी आली तशीच परत निघते. ती पाऊण भरलेली आली होती की निम्मी रिकामी, हा प्रश्न तेव्हा एकदम महत्त्वाचा होतो.

आबांच्या फुप्फुसात असे बंद किंवा अर्धवट चालणारे नळ आहेत. धुराने आणि विडीने काही भागांतल्या श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत, काही वायुकोशांच्या भिंती विरल्या आहेत, आणि जिथे हवा नीट पोहोचत नाही तिथूनही काही रक्त वाहतच राहते. हिशेबाच्या सोयीसाठी असे मानू की पाचव्या हिश्श्याच्या रक्ताला ऑक्सिजन मिळतच नाही आणि उरलेले ९८ टक्क्यांपर्यंत भरते. हृदय मिनिटाला ५ लिटर ढकलत असताना हे मिश्रण ९२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. हृदयाचे काम ३ लिटरवर आले की, फुप्फुसात तसूभर बदल न होता, तेच मिश्रण ८८ टक्क्यांच्या जवळ येते. तुमच्या पत्रातले आकडे याच्याशी जुळतात म्हणून हेच घडले आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्यक्ष शरीरात गणित इतके सरळ नसते, कारण रक्तप्रवाह मंदावला की बिघडलेल्या भागातून जाणारा वाटाही काहीसा कमी होतो आणि थोडी भरपाई होते. पण फुप्फुस आहे तसेच असताना केवळ हृदयाच्या दुबळेपणाने बोटावरचा आकडा घसरू शकतो, एवढे यावरून नक्की कळते.

चालल्यावर ८२ का होते, हेही याच वाटेने समजते. सावकाश चालतानाही शरीराची ऑक्सिजनची मागणी बसल्यापेक्षा दोन-तीन पट होते. निरोगी हृदय त्या वेळी आपले काम वाढवते. ज्याला ते वाढवता येत नाही, त्याचे परतीचे रक्त अधिकच रिते होते. शिवाय आकडा एकदा ९० च्या खाली आला की हिमोग्लोबिनचा स्वभाव असा आहे की ऑक्सिजनचा दाब थोडा जरी उतरला तरी टक्केवारी झपाट्याने कोसळते. रक्तक्षय असला तरी परतीचे रक्त असेच रिते होते, म्हणून इकोबरोबर हिमोग्लोबिनची साधी तपासणीही करून घ्या. खेड्यातल्या वयस्कर माणसांत ती राहून जाते हे मी वारंवार पाहिले आहे.

आता हृदय दुबळे का व्हावे, याकडे वळू. एक कारण फुप्फुसाच्या आजारातूनच उगवते. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा कमी पोहोचते तिथल्या रक्तवाहिन्या आपण होऊन आकुंचन पावतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड या स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी याचे वर्णन केले. ही शरीराची शहाणी योजना आहे. पण आजार सगळीकडे पसरला आणि वर्षानुवर्षे टिकला की आकुंचन पावलेल्या त्या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि फुप्फुसातल्या रक्ताचा दाब वाढतो. हा दाब सरासरी २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की तो वाढलेला मानतात. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलण्याचे काम उजव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला, करावे लागते, आणि तिची भिंत डावीपेक्षा बरीच पातळ असते. ती हळूहळू फुगते, थकते, मधला पडदा डावीकडे रेटते, आणि मग डाव्या बाजूलाही पुरेसे रक्त भरत नाही. घोट्यांवरची सूज, मानेतल्या फुगलेल्या शिरा, उजव्या बरगडीखाली जडपणा, ही तिच्या थकण्याची लक्षणे आहेत.

दुसरे कारण स्वतंत्र असते. ज्या विडीने फुप्फुस खराब केले तिनेच हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्याही खराब केलेल्या असू शकतात, आणि जुना रक्तदाब डाव्या जवनिकेची भिंत ताठ करतो. ताठ झालेले हृदय आकुंचन चांगले पावते पण सैल नीट होत नाही. मग रक्त मागे फुप्फुसात तुंबते, वायुकोशांभोवती पाणी साचते आणि चालू असलेल्या नळांपैकी आणखी काही मंदावतात. सीओपीडीच्या रुग्णाला धाप लागली की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ती फुप्फुसाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात आणि हृदयाचा हा आजार वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. आबांना सपाट झोपल्यावर दम लागतो का, झोप लागल्यावर दोन-तीन तासांनी घाबरून उठून बसावे लागते का, वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले आहे का, नाडी अनियमित लागते का, हे बारकाईने पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

हृदयावर फुप्फुसाचा आणखी एक भार असतो. श्वास पूर्ण बाहेर न पडल्यामुळे छातीत हवा कोंडून राहते, आणि त्या फुगलेल्या फुप्फुसांच्या मध्ये हृदय दाबले जाऊन त्यात रक्त कमी भरते. म्हणून हृदयाची औषधे सुरू झाली तरी इनहेलर सोडायचा नाही. कोंडलेली हवा मोकळी करून तो हृदयालाही जागा करून देतो.

आता तुमच्या अ‍ॅम्लोडिपिनबद्दल. या गोळीने घोट्यांवर सूज येणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे, त्यामुळे आबांची सूज हृदयामुळेच आहे असे आत्ताच धरू नका. दुसरे असे की रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे, मी वर सांगितलेली ती शहाणी योजनाही काही रुग्णांत सैल करतात. बिघडलेल्या भागाकडे पुन्हा जास्त रक्त जाऊ लागते आणि ऑक्सिजन थोडा उतरतो. गोळी कोणत्या तारखेपासून बदलली आणि आकडा व सूज केव्हापासून बदलली, हे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाब एकाएकी वाढला तर ताठ हृदयाला तो अजिबात सोसत नाही. उलट, हृदयाच्या डॉक्टरांनी उद्या बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल लिहून दिले, तर "दम्याच्या माणसाला ही गोळी चालत नाही" असे कोणी म्हणाले म्हणून घाबरू नका. सीओपीडीत या हृदयापुरत्या काम करणाऱ्या गोळ्या गरज असेल तेव्हा दिल्या जातात. इनहेलर चालू असल्याचे मात्र त्यांना आवर्जून सांगा.

इकोचा कागद हातात आला की बहुतेक जण एकच आकडा वाचतात, ईएफ (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतले किती टक्के रक्त बाहेर पडते तो आकडा) ६० टक्के, आणि हृदय ठणठणीत म्हणून घरी जातात. आबांच्या बाबतीत तेवढ्याने भागणार नाही. उजवी जवनिका मोठी झाली आहे का, तिची हालचाल कशी आहे, फुप्फुसातला दाब अंदाजे किती आहे आणि डावी बाजू सैल नीट होते का, या चार गोष्टी विचारा. फुगलेल्या फुप्फुसांतली हवा ध्वनिलहरींच्या आड येते, त्यामुळे सीओपीडीच्या रुग्णाचा इको नेहमी स्पष्ट निघत नाही. अशा वेळी बरगड्यांखालून, पोटाच्या बाजूने पाहिल्यास चित्र बरे मिळते. चित्र पुसट असल्याची नोंद अहवालात असेल तर "सर्व ठीक" या शब्दांवर विसंबू नका. हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी तेव्हा उपयोगी पडते. क्वचित आणखी एक गोष्ट आढळते. साधारण चारांपैकी एका माणसाच्या हृदयातील दोन कर्णिकांमधला, म्हणजे वरच्या कप्प्यांमधला, जन्मापूर्वीचा झरोका पूर्ण मिटलेला नसतो. एरवी त्याचा काही त्रास नसतो, पण उजवीकडचा दाब वाढला तर अशुद्ध रक्त त्यातून थेट डावीकडे जाऊ शकते. दिलेल्या ऑक्सिजनाने आकडा मुळीच हलत नसेल तर डॉक्टर याचाही विचार करतील.

खर्चाची काळजी मला समजते. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, हृदयरोग विभाग आहे. तिथे चौकशी करा, आणि रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना भेटा. कोणत्या उपचाराला योजना लागू होते हे तेच नेमके सांगतील.

भावाच्या मशीनबद्दल मला जरा ठामपणे लिहायला हवे. आबांना घरी ऑक्सिजन लागण्याची शक्यता नक्कीच आहे. प्रकृती स्थिर असताना, बसल्या जागी आकडा ८८ किंवा त्याखाली राहत असेल आणि धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी निघाला, तर रोज किमान १५ तास ऑक्सिजन देण्याने आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन महत्त्वाच्या अभ्यासांत दिसून आले. उजव्या हृदयावर ताण असल्याचे सिद्ध झाले तर ही मर्यादा ५९ पर्यंत सैल केली जाते. म्हणजे इकोचा निकाल तुमच्या भावाच्या मशीनच्या प्रश्नाचेही उत्तर देणार आहे. परंतु "वाढवून ठेवू" हे अत्यंत धोक्याचे आहे. सीओपीडीच्या काही रुग्णांत ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑक्सिमीटरवर ९८ पाहून घरचे निर्धास्त असतात आणि माणूस गुंगीत जात असतो. म्हणून अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात आणि किती लिटर सोडायचा हे डॉक्टर ठरवतात. मशीन घरी आलेच तर त्या खोलीत चूल, विडी, उदबत्ती आणि देवघरातली समईसुद्धा नको. सकाळी डोके जड होणे, असंबद्ध बोलणे, दिवसा न आवरणारी झोप, ओठ निळसर होणे, छातीत दुखणे किंवा बसल्या जागी आकडा ८५ च्या खाली टिकून राहणे, यांतले काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करा.

आकडा घेण्याची पद्धतही नीट करा. पाच मिनिटे शांत बसल्यावर, हात गार असतील तर चोळून ऊबदार करून, बोट स्थिर ठेवून, आकडा मिनिटभर टिकला की मगच लिहावा. थंड बोटावर आणि मंद रक्तप्रवाहात यंत्र चुकते, आणि एरवीही दोन-तीन अंकांचा फरक धरूनच चालावे लागते. एकेका आकड्याने घाबरण्यापेक्षा आठवड्याची वही पाहावी.

मिठाविषयीही लिहिले पाहिजे. सूज हृदयामुळे असेल तर दिवसभराचे सगळे मिळून चमचाभर मीठ पुरे, आणि आपल्याकडे ते भाजीतून कमी व खर्डा, लोणचे, पापड, भडंग आणि मिसळीवरच्या फरसाणातून जास्त जाते. रस्सा बंद करा असे मी म्हणणार नाही, पण आबांच्या वाटीचा रस्सा मीठ घालण्याआधी वेगळा काढावा.

शेवटी आबांची इच्छा. ज्या माणसाने आयुष्यातले तीस हंगाम काहिलीच्या वासात काढले, त्याला हंगाम सुरू झाल्यावर घरी बसवणे किती जड जाईल याची मला कल्पना आहे, आणि त्यांना नुसते "नाही" म्हणून गप्प करू नका. पण चुलवाणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या सुमारे दोनशेपट घट्ट धरतो आणि ऑक्सिजनाची जागा अडवतो. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही. तो त्यालाही ऑक्सिजनच समजतो. त्यामुळे चुलवाणापाशी बसलेल्या आबांचा आकडा चांगला दिसेल आणि त्याच वेळी त्यांच्या हृदयाला मिळणारा ऑक्सिजन कमी झालेला असेल. तेव्हा जाळ चालू असताना चुलवाणाजवळ जायचे नाही, हे पक्के. इको आणि रक्ताची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तर जाळ विझून धूर निवल्यावर, कोणाच्या तरी गाडीवरून नेऊन, ढेपा काढून ठेवतात त्या बाजूला मोकळ्या हवेत त्यांना तासभर बसू द्या.